बंदुकीला चीर पडली, तर वेल्डरकडे नेऊ नका



धान निसवायला लागले की आपल्या पोंभुर्णा तालुक्यात रात्रीची जागल सुरू होते. बांधीच्या धुऱ्यावर मांडव, खाली शेकोटी, हातात टिनाचा डबा. रानडुकरांचा कळप एकदा बांधीत शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. म्हणूनच आपल्या भागातल्या काही घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावरची भरमार किंवा बारा बोअरची बंदूक असते. वडिलांच्या वेळेची, कधी आजोबांच्याही. वर्षभर कोपऱ्यात उभी असते आणि पोटरीच्या दिवसांत बाहेर निघते. तिची निगा मात्र आपण नांगराच्या फाळाइतकीही करत नाही.

मी कृषी पदवीधर आहे, बंदुकीचा कारागीर नव्हे. तरीही या विषयावर लिहायला बसलो, त्याचे कारण सांगतो.

मागच्या खरिपात तुडतुड्याची पाहणी करत एका गावी गेलो होतो. चहा झाल्यावर घरधन्याने विचारले, "साहेब, आमचा वेल्डरवाला ट्रॉलीचा चेसिस जोडते, तं हे एवढंसं नाही जोडणार का जी?" त्याची भाची नागपूरला शिकते आणि बावीस बोअरच्या पिस्तुलाने नेमबाजी करते. पिस्तूल तिच्या स्वतःच्या परवान्यावरचे. त्याच्या स्लाइडला चीर पडली होती. मामाला नव्या पिस्तुलाच्या किमतीची धास्ती, म्हणून वेल्डरची आठवण झाली. पोरगी मात्र ठाम होती. "मामा, हात नका लावू," एवढेच म्हणाली आणि पेटी बंद केली. तिने बरोबर केले. का, ते समजून घेऊ.

बावीस बोअरचे काडतूस बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसते. मोठ्या काडतुसात बुडाच्या मधोमध टोपी असते, यात टोपी नसते. बुडाच्या काठातच मसाला भरलेला असतो आणि घोड्याची पिन काठावर आदळली की ठिणगी पडते. धक्का कमी, खर्च कमी, म्हणून नेमबाजी शिकायला हेच काडतूस जगभर वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते बावीस बोअरच्याच पिस्तुलाने. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक घेतले, त्या ५० मीटर रायफल प्रकारातही हेच काडतूस असते.

आता स्लाइड म्हणजे काय? पिस्तुलाच्या नळीवर बसलेले, मागेपुढे सरकणारे कवच. गोळी सुटली की ते झटक्याने मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवे काडतूस नळीत सारते. अशा लहान पिस्तुलांत नळीचे मागचे तोंड कुलपाने बंद झालेले नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्याच दोन गोष्टी बार उडताना ते तोंड दाबून धरतात. काडतूस हलके असल्यामुळे बऱ्याच कंपन्या ही स्लाइड पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची करतात. वजन व किंमत दोन्ही उतरतात, पण हजारो वेळा आदळून धातू थकतो. जिथे टरफल बाहेर पडायची खिडक कापलेली असते, तिथे भिंत पातळ असते, आणि चीर बहुधा अशाच पातळ जागी किंवा कोपऱ्यात सुरू होते. स्प्रिंग जुनी होऊन ढिली पडली, किंवा हलक्या पिस्तुलात नेहमी जास्त वेगाची काडतुसे वापरली, तर हे लवकर घडते.

चीर पडलेल्या स्लाइडने एखादे वेळी शंभर गोळ्या सुटतीलही. पुढच्या गोळीला तुकडा निघून मागे आला, तर मागे आपलाच चेहरा असतो.

आणि वेल्ड? जस्ताची मिश्रधातू वेल्डरच्या आचेने वितळून गोळा होते. पोलाद जोडले जाईल, पण त्याला कारखान्यात दिलेले पाणी आचेने उतरते. जोडाच्या शेजारची जागा कुठे मऊ, कुठे ठिसूळ होते. वरून घासून चकचकीत केले की चीर दिसत नाही, एवढाच काय तो फरक. ट्रॉलीचा जोड सुटला तर धान रस्त्यावर सांडेल. येथे बोट किंवा डोळा जातो.

दुसरे कारण कायद्याचे. शस्त्र कायदा १९५९ नुसार हत्याराच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि हत्याराचा सुटा भागसुद्धा कायद्याच्या दृष्टीने हत्यारच आहे. परवाना नसताना दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आपल्या गावातल्या गरीब लोहाराला किंवा वेल्डरला पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी या फासात अडकवू नका. तो बिचारा ओळखीखातर नाही म्हणत नाही.

भाचीने काय केले ते सांगतो. पिस्तूल रिकामे केले. आधी मॅगझिन काढले, मग स्लाइड मागे ओढून नळीत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिले. हा क्रम उलटा करू नये, कारण मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर पुढे येताना नवे काडतूस नळीत भरते. मग दोन्ही बाजूंनी फोटो काढले, बिल, हमीपत्र आणि परवाना एकत्र केला, आणि ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले होते त्याच्याकडे पिस्तूल नेले. हमीची मुदत संपायला चार महिने उरले होते. "दुरुस्तीसाठी जमा" अशी पावती घेतली, त्यावर हत्याराचा क्रमांक लिहून घेतला. जवळजवळ तीन महिने लागले, फोन करून पोरगी कंटाळली, पण नवी स्लाइड विनामूल्य मिळाली. तिच्या ओळखीच्या एका मुलाने मात्र आपल्या पिस्तुलाची चीर कानसेने घासून पाहिली होती. त्याला विक्रेत्याने परत पाठवले. वस्तूला बाहेरचा हात लागला की हमी देणाऱ्याला अंग काढायला जागा मिळते. फवारणी पंपाचेही असेच असते, हे आपण अनुभवाने जाणताच.

बदलून आलेल्या भागावर किंवा हत्यारावर वेगळा क्रमांक असेल, तर घरी नेण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारून परवान्यातली नोंद दुरुस्त करून घ्यावी. विक्रेता हमी असूनही टाळू लागला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हत्यारालाही लागू आहे आणि पंपालाही. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी शुल्क नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. पण बिलच नसेल तर कोण काय करणार? दुकानदार "बिल हवं तर जास्त पडतील" म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

आता आपल्या कोपऱ्यातल्या बंदुकीकडे वळू. तिला हमी नाही, बिल नाही, बनवणारा बहुधा हयातही नाही. म्हणून तपासणी आपल्यालाच करायची आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. नळी कोरडी पुसा, पातळ तेल लावा, दहा मिनिटांनी कापडाने स्वच्छ पुसा आणि उन्हात धरा. चिरेत गेलेले तेल थोड्या वेळाने केसासारख्या रेघेने परत वर येते. ट्रॅक्टरचे मिस्त्री रॉकेल आणि खडूने हीच परीक्षा करतात. नळीचे मागचे तोंड, बिजागरी आणि दस्त्याचा गळा, या जागा नीट पाहा. नळीवरून बोटे फिरवा, कुठे फुगवटा लागला तर ती नळी आतून हरलेली आहे असे समजा.

भरमारीचा मुख्य शत्रू काळी दारू. तिची राख हवेतली ओल ओढते आणि एका पावसाळ्यात नळी आतून खाऊन टाकते. बार उडवला की त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेल द्यावे. काडतुसातली नवी, बिनधुराची दारू भरमारीत कधीही भरू नये, नळी फुटते. बारा बोअरमध्ये वीस बोअरचे काडतूस चुकून गेले तर ते पुढे सरकून नळीत अडकते, आणि मागून दुसरे लावून उडवले की नळी फाटते. पट्ट्या पीळ देऊन केलेल्या जुन्या नळ्यांना आजची जोरकस काडतुसे सोसत नाहीत. नळीच्या तोंडात चिखल किंवा कुंभारमाशीचे घर असले तरी तेच होते. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा असते. परत आणल्यावर ती आधी पाहावी, मग वापरावी.

भरमारीत बार भरलेला असताना चीर दिसली, तर "उडवून मोकळी करू" असे म्हणू नका. टोपी काढा, तोंड माणसा-जनावरांकडे नसेल अशी ठेवा, पोरांना दूर करा, आणि पोलीस ठाण्याला कळवून परवानाधारक कारागिराकडून बार काढून घ्या. एरवी बंदूक दुरुस्तीला नेताना परवानाधारकाने स्वतः जावे. म्हातारपणामुळे जाणे होत नसेल तर मुलाजवळ लेखी अधिकारपत्र द्यावे. दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी अशी मुभा कायद्यात आहे. तोंडी सांगणे चालत नाही. आणि पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वनविभागाकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते.

त्या दिवशी भाचीची पेटी बंद झाल्यावर मामाने स्वतःची बारा बोअर बाहेर आणली. वडिलांची बंदूक, कौतुकाने दाखवायला. पोरीने तेल लावले, पुसले, आणि आम्ही तिघे अंगणात उन्हात उभे राहिलो. नळीच्या मागच्या तोंडापासून दोन बोटे पुढे बारीक काळी रेघ हळूहळू वर आली. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मागच्याच आठवड्यात त्याने डुकरांना हाकलायला त्या नळीतून दोन बार काढले होते.

परवानाधारक कारागिराने नळी नादुरुस्त ठरवली. बंदूक विक्रेत्याकडे जमा झाली, पावती परवान्याला टाचली आहे. यंदा मामा डबा आणि बॅटरी घेऊन जागलीला जातो, आणि त्याचा सौर कुंपणाचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. सातबारा जोडायचा राहिला होता, तो काल आणून दिला.