पार्लरचा कोर्स : फी भरण्याआधी

केसांच्या डायने चेहरा सुजलेल्या बाया आम्ही वॉर्डात पाहिल्यात. म्हणून पार्लर शिकणाऱ्या मुलींना आम्ही आधी विचारतो, सर्टिफिकेट कुणाचं? आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी कोर्स एक वर्षाचा, सरकारमान्य. खासगी क्लास असेल तर केंद्राच्या एनसीव्हीईटीची मान्यता आहे का, बघा. नुसतं ‘इंटरनॅशनल’ छापलेलं काय कामाचं?

मग विमा. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तुमच्या स्वतःच्या अपघातापुरती, मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी. गरम वॅक्सने गिऱ्हाईक भाजलं तर त्यातून पैसा मिळत नाही. त्याला दायित्व विमा लागतो. सरावासाठी क्लासने तो काढलाय का, विचारा. आणि डाय आधी कानामागे लावून ४८ तास थांबायला शिकवत नसतील, तर त्या क्लासला मुलगी पाठवू नका.