शिष्यवृत्तीची खिडकी

सकाळी 7
चहा उकळेपर्यंत मोबाइलवर निरोप येऊन पडलेले असतात. बहुतेकांचा मजकूर एकच: ‘सर, पैसा आया क्या?’ मी जबलपूरच्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्ती शाखेचा बाबू. वडील गन कॅरेज फॅक्टरीत होते, म्हणून आम्ही इथले झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नोकरीमुळे माझा नंबर मंडला-दिंडोरीच्या गावागावांत पोचलाय.

सकाळी 9.30
पचपेढीवरून जाताना विद्यापीठ लागतं. 1956 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 1983मध्ये राणी दुर्गावतीचं नाव मिळालं. गढा-मंडल्याची ही राणी 1564मध्ये अकबराच्या फौजेशी लढताना पडली. तिच्याच मुलखातली गोंड आणि बैगा मुलं आता माझ्या खिडकीसमोर रांगेत असतात. 2011च्या जनगणनेत मंडला जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते, दिंडोरीत साठ टक्क्यांच्याही वर. दिंडोरीला रेल्वे नाही. पोरं बसनं येतात.

सकाळी 10.30
खिडकी उघडली. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राज्य सरकारचा समग्र आयडी, आधार, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक. सगळीकडे नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. ‘मरावी’ हे गोंडांमधलं नेहमीचं आडनाव इंग्रजीत कुणी ‘व्ही’नं लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’नं. शाळेतल्या गुरुजींनी एक लिहिलं, आधारवाल्यानं दुसरं, आणि संगणक म्हणतो ही दोन माणसं आहेत. दुरुस्तीसाठी पोराला लोकसेवा केंद्रात पाठवलं की त्याचा तास बुडतो, काम नाही झालं तर दुसऱ्या दिवशीचाही.

दुपारी 12
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी कधीची बाजूला उभी होती. गर्दी ओसरल्यावर पुढे आली. तिची शिष्यवृत्ती मंजूर आहे, पोर्टलवर ‘भुगतान सफल’ दिसतंय, पासबुकात मात्र छदामही नाही. मी खात्याचे शेवटचे चार आकडे ताडून पाहिले. तिच्या पासबुकाशी जुळेनात.

“गावात कुणी सिम कार्ड विकायला आलं होतं का?”

आलं होतं. आठवडी बाजारात अंगठा लावून सिम घेतलं होतं. त्याच अंगठ्यावर एक खातंही उघडलं गेलं, आणि आधारला शेवटी जोडलेलं खातं तेच ठरलं. सरकारी पैसा आधारवरून वाट शोधतो. अर्जात कोणतं खातं लिहिलंय ते बघत नाही. पैसे बुडालेले नाहीत, भलत्या दारात जाऊन बसलेत. ते काढायचे आणि आधार पुन्हा जुन्या खात्याला जोडून घ्यायचं. कोऱ्या कागदावर बँकेसाठी अर्जाचा मजकूर लिहून दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, “सर, तब तक कमरे का किराया?”

जबलपुरासारख्या मोठ्या शहरात वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या आदिवासी आणि दलित मुलांना सरकार महिन्याला 2000 रुपये आवास सहाय्य देतं. योजना चांगली आहे. पण घरमालकाला भाडं पाच तारखेला लागतं, आणि सरकारचा महिना आपल्या सोयीनं उजाडतो.

दुपारी 2
डबा. पोळी, वांग्याची भाजी आणि नेहमीचा विषय, आरक्षण. लेखा शाखेतले सहकारी म्हणाले, “जागाही यांनाच, पैसाही यांनाच.” मध्य प्रदेशात अनुसूचित जातींना 16 टक्के, जमातींना 20 टक्के. इतर मागासवर्गाचे 14 टक्के 2019मध्ये 27वर नेले, तेव्हा आमच्याच गावातल्या हायकोर्टानं वैद्यकीय प्रवेशांपुरती या वाढीला स्थगिती दिली आणि पुढे वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या.

मी वाद घातला नाही. कपाटातून पहिल्या वर्षाची प्रवेश यादी काढली, त्याच तुकडीची तिसऱ्या वर्षाची यादी शेजारी ठेवली. गळालेली नावं त्यांनीच बोटानं मोजली. टक्केवारी पहिल्या यादीला लागते. दुसऱ्या यादीत नाव राहील की नाही हे भाडं, मेसचं बिल आणि घरची कापणी ठरवते. ते काही बोलले नाहीत. लोणचं मात्र पुढे केलं.

दुपारी 4
मजुरी पाडून आलेले एक वडील. मुलाचा उत्पन्नाचा दाखला जुना झालाय. “बाबूजी, आमदनी तो वही है, कागज क्यों बदलें?” उत्तर माझ्याकडेही नव्हतं. नवा अर्ज भरून दिला.

रात्री 8
न्यू जर्सीहून ताईचा फोन. तिथे सकाळ. भाची यंदा कॉलेजांना अर्ज करतेय आणि निबंधावर घरात महाभारत चाललंय. जून 2023मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश विचारात घेणं बंद केलं. वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आलं हे निबंधात लिहायला मुभा ठेवली. “आता हिनं काय सोसलं म्हणून लिहायचं?” ताई वैतागली होती.

गंमत अशी की जबलपुरात आम्ही खुल्या प्रवर्गातले आणि भाषेनं अल्पसंख्य. तिथे भाची ‘एशियन’, आणि आशियाई मुलांवर अन्याय होतो हाच हार्वर्डविरुद्धचा दावा होता. तिथला वाद जुनाच. 1978च्या ‘बाकी’ (Bakke) खटल्यात डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयानं 100पैकी 16 जागा राखल्या होत्या, त्या कोर्टानं रद्द केल्या. इथे अनुसूचित जातींसाठी तेवढाच वाटा कायद्यानं आहे. कारण मद्रासचं आरक्षण कोर्टात पडल्यावर 1951मध्ये आपण थेट घटनाच दुरुस्त केली.

“तुमचं बरं आहे रे,” ताई म्हणाली, “टक्के तरी ठरलेले.”

“टक्के ठरलेत ताई, तारीख नाही ठरलेली.”

रात्री 9.30
दुपारच्या त्या मुलीच्या घरमालकाला फोन लावला. आधी कुरकुरला, मग पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. तिला निरोप पाठवला: उद्या बँक उघडताच जा, आधारची मूळ प्रत ने, पोच घेतल्याशिवाय निघू नकोस.