तोटी कोरडी असते तेव्हा

पहाटेचे साडेपाच. गल्लीत कुठेतरी "पाणी आलं!" अशी हाक उठते आणि घराघरांतून बादल्या, कळश्या, पिंपे यांचा खडखडाट सुरू होतो. तोटी आधी फुसफुसते, खोकते आणि मग गढूळ पाणी टाकते. ते थोडे वाहू द्यायचे, हे आजीने आपल्याला शिकवलेले असते. पण तोटी खोकते का आणि पहिले पाणी गढूळ का, हे विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

खोकते ती हवेमुळे. जलकुंभाची झडप बंद केली, की जलवाहिन्यांतले पाणी उताराकडच्या घरांतून निघून जाते आणि त्या जागी हवा शिरते. नुसती हवा शिरली असती तर फारसे बिघडले नसते. जलवाहिनी भरलेली व दाबाखाली असते, तेव्हा एखाद्या सांध्याला फट असली तरी पाणी आतून बाहेर येते, बाहेरचे आत जात नाही. ती रिकामी झाली, की उलटे घडते. शेजारून गटार वाहत असेल, तर त्याचे पाणी त्याच फटीतून निमूटपणे आत येते. त्यात कोणी तोटीला थेट मोटार जोडली असेल, तर आतला दाब आणखी घटतो. विषमज्वर, कावीळ, हगवण यांचे जंतू असाच प्रवास करतात. शुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळूची गाळणी, क्लोरीन हे सारे झालेले असते. घोटाळा होतो तो पुढे, वाटेत!

कर्नाटकात हुबळी-धारवाड येथे काही वस्त्यांना 2008 पासून चोवीस तास पाणी मिळू लागले. इतर वस्त्यांना ते काही दिवसांआड, काही तासच मिळत होते. संशोधकांनी दोन्हीकडच्या तोट्यांचे पाणी तपासले. अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या नमुन्यांपैकी शेकडा सुमारे 32 नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेतील जंतू सापडले, तर चोवीस तास येणाऱ्या पाण्यात शेकडा एकालाही ते प्रमाण पोचले नाही.

"पण एवढे पाणी आणायचे कुठून?" हा प्रश्न कोणत्याही नगरपरिषदेत हमखास निघतो. आपण थोडे गणित करू. तीस हजार वस्तीचे एक गाव धरा. माणशी दररोज 135 लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे 40 लाख लिटर पाणी लागेल. तेवढेच पाणी दोन तासांत वाटायचे, तर तासाला 20 लाख लिटर सोडावे लागेल. दिवसभरात सावकाश वाटले, तर सरासरी तासाला पावणेदोन लाखांच्या आतच! सकाळच्या गर्दीच्या वेळी हा आकडा अडीच-तीन पट होतो हे खरे. तरीही तो 20 लाखांच्या जवळपास जात नाही. शिवाय जलवाहिनीत प्रवाह दुप्पट झाला, की घर्षणात खर्च होणारा दाब जवळजवळ चौपट होतो. टाकीजवळच्या घरात धो धो आणि गावाच्या टोकाला नुसती धार, याचे कारण हेच. म्हणजे पाणी तेवढेच. त्याला जायला आपण वेळ देत नाही, एवढीच अडचण.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. 2011 च्या सुमारास त्याची वस्ती तीस हजारांच्या आसपास होती. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या तंत्रज्ञांनी तेथे चोवीस तासांची योजना आखली आणि 2010 च्या आगेमागे ती राज्यभर चर्चेचा विषय झाली. जमिनीखाली प्लॅस्टिकच्या, सांधे घट्ट वितळवून जोडलेल्या नळ्या घातल्या. घरोघरी मीटर बसवले, तेही असे, की रस्त्यावरूनच रेडिओलहरींनी आकडा टिपता यावा. दर चढता ठेवला: जास्त वापराल तर पुढच्या पाण्याला अधिक भाव.

मीटरवर लोक नाखूष असतात आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. गरिबाच्या घरात माणसे जास्त आणि मीटर एकच असतो. पण मीटरशिवाय ही योजना बुडते, हेही तितकेच खरे. मिनिटाला 100 मिलिलिटर गळणारी तोटी घ्या. दोन तासांत ती 12 लिटर वाया घालवते, तर चोवीस तासांत 144 लिटर, म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या वाट्याहूनही अधिक! जुन्या, चाळणी झालेल्या नळ्यांत नुसती झडप उघडी ठेवली, तर जलकुंभ दुपारपर्यंत रिता होईल.

दुसऱ्या बाजूला बचतही आहे, आणि ती आपल्या घरातच दडलेली असते. नवे पाणी आले, की कालचे "शिळे" म्हणून आपण पिंपेच्या पिंपे मोरीत ओततो. उद्या पाणी येईल याचा भरवसा नसतो म्हणून भरतो आणि ते आले म्हणून ओततो.

तुमच्या घरी मीटर असेल, तर एक प्रयोग करा. पाणी चालू असताना घरातल्या सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासात कोणीही पाणी घेऊ नये. आकडा पुढे सरकला असेल, तर मीटरपासून तोटीपर्यंत कुठेतरी गळती आहे. पहिली शंका संडासाच्या फ्लश टाकीवर घ्या; तिच्यात थोडी हळद कालवून थांबा आणि भांड्यात पिवळे पाणी उतरते का ते पाहा.