हज-उमराहचा मुसाफिर बदलला, आपला माल बदलला काय?

कोण जातो, कधी जातो आणि सोबत काय नेतो, या तीन गोष्टी ज्या व्यापाऱ्याला समजल्या त्याला प्रवासाचा बाजार समजला. हज आणि उमराहचा प्रवास हा आपल्या कारागिरांना सर्वांत जवळचा बाजार आहे. एहराम, मखना, जानमाज, कमरेचा पट्टा, चपला, पिशव्या हे सर्व आपल्याच हातचे काम. परंतु पुष्कळ बांधव आजही जुन्या हिशेबानेच माल भरतात. म्हणून हा थोडा खुलासा.

पूर्वी हाजी मुंबईहून जहाजाने जात. १८७७ साली सुरू झालेल्या मोगल लाईनच्या जहाजांनी कित्येक पिढ्या जेद्दाहला पोहोचवल्या. समुद्रात सुमारे आठवडा जाई. बिछाना, भांडी, शिधा असे सारे बिऱ्हाड सोबत असे. १९९५ नंतर जहाजे बंद झाली आणि सर्व प्रवास विमानाने होऊ लागला. विमानात वजनाची मर्यादा असते, म्हणून मुसाफिर आता हलका, लवकर वाळणारा, कमी जागेत मावणारा माल मागतो. जाड, वजनदार चादर स्वस्त असली तरी तो परत ठेवतो.

दुसरा बदल उमराहचा. हजला कोटा असतो, दिवस ठरलेले असतात. उमराहला वर्षातील बहुतेक काळ जाता येते. २०१६ साली जाहीर झालेल्या आपल्या योजनेत सौदी सरकारने २०३० पर्यंत वर्षाला तीन कोटी उमराह यात्रेकरूंचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे एकटे वडीलधारेच नव्हे, तर नवराबायको मुलाबाळांसह जातात. म्हणजे मुलांच्या मापाचे एहराम आणि लहान मुलींचे मखनेही दुकानात हवेत.

महिला ग्राहकाकडेही लक्ष द्यावे. २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय, गटाने, भारतातून हजला जाण्याची परवानगी मिळाली. या भगिनी आपली खरेदी स्वतः करतात. कापड पारदर्शक आहे काय, घाम शोषते काय, पदर सरकतो काय, हे त्या पारखून घेतात.

आता मोसमाचा हिशेब. चंद्राचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हज दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. २०२४ चा हज जूनच्या कडक उन्हात झाला. त्या वर्षी सौदी सरकारने १३०१ मृत्यू जाहीर केले. २०२७ चा हज मेच्या मध्यास, तर २०३० चा एप्रिलच्या मध्यास येईल. पुढे तो थंडीकडे जाईल. उन्हात पातळ सुती एहराम बरा, थंडीत टॉवेलच्या विणीचा. सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांनी ही गोष्ट आताच ध्यानी घ्यावी. रमजानही २०२८ ते २०३० या वर्षांत जानेवारीत सुरू होईल. म्हणजे रमजानच्या उमराहवाल्यांना मदीनेच्या थंडीसाठी शाल व स्वेटर लागेल.

शेवटी धोक्याची गोष्ट. २०२० व २०२१ साली महामारीमुळे भारतातून कोणीही हजला जाऊ शकले नाही. २०२५ साली खासगी टूर ऑपरेटरांचा ५२,५०७ जागांचा कोटा २६ एकत्रित गटांकडे सोपवला गेला. ठरल्या मुदतीत करार व पैसे पूर्ण न झाल्याने हजारो लोक राहून गेले. सौदी सरकारने नंतर दहा हजारांसाठी पोर्टल पुन्हा उघडले, बाकीचे घरीच राहिले. अशा वेळी ज्या कारागिराने एकाच ऑपरेटरच्या तोंडी ऑर्डरवर उधार सूत घेऊन हजारभर जोड्या विणल्या असतील, त्याचे काय होईल? मुसाफिराचे पैसे अडकले तर त्याचा बोभाटा होतो, कारागिराचे अडकले तर कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून ऑर्डर लेखी घ्यावी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. केवळ हजच्या भरवशावर माग चालवू नये, उमराहचा फुटकळ माल वर्षभर थोडा थोडा काढावा. एहरामची चादर पाहुण्यांच्या पलंगावरही चालते, परंतु ऑपरेटरचे नाव छापलेली पिशवी दुसरा कोणी घेत नाही. छपाई पैसे हाती आल्यावरच करावी.