औषधांची नावे : साधर्म्य आणि सुरक्षितता

औषधाच्या सुरक्षिततेविषयी वाद निघाला, की चर्चा बहुधा त्याच्या गुणधर्मांची होते. मात्रा किती असावी, अनिष्ट परिणाम कोणते, चाचण्या पुरेशा झाल्या होत्या काय, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे आहेत व त्यांचा निर्णय त्या शास्त्रानेच करावयाचा आहे. परंतु निदान अचूक असून आणि योजलेले औषध योग्य असूनही रोग्याला अपाय होण्याचा आणखी एक मार्ग आहे. तो म्हणजे एका औषधाच्या जागी त्याच्यासारख्या नावाचे दुसरे औषध दिले जाणे. येथे दोष रसायनाचा नसून शब्दाचा असतो. यास्तव भाषाभ्यासकाने या प्रश्नाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

प्रथम नावांची घडण पाहू. औषधाच्या रासायनिक नावाखेरीज त्याला एक जेनेरिक नाव असते व ते विकणाऱ्या कंपनीने दिलेले एक किंवा अनेक व्यापारी नावे असतात. जेनेरिक नावे जगभर एक असावीत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव केला आणि १९५३ साली अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. या पद्धतीत औषधांचा वर्ग बहुधा नावाच्या अंत्य घटकावरून कळतो. ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल यांतील ‘-ओलोल’. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांतील ‘-प्रिल’. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन यांतील ‘-स्टॅटिन’ हे घटक प्रत्ययासारखे अर्थवाहक आहेत. जाणत्याला ते सोयीचे वाटतात, हे उघड आहे. तथापि या सोयीतच अडचणीचे मूळ आहे. नात्याची ओळख साम्यावर अवलंबून असते, तर व्यक्तीची ओळख भेदावर. औषधाच्या नावाने ही दोन्ही कार्ये एकाच वेळी करावीत, अशी आपली अपेक्षा असते.

ही अपेक्षा कोठे ढळते, ते दोन जोड्यांवरून स्पष्ट होईल. विन्क्रिस्टीन आणि विन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील दोन्ही औषधे सदाफुलीच्या झाडापासून मिळाली. दोन्ही नावांचा आरंभ व शेवट समान असून भेद मध्यभागी दडलेला आहे. विन्क्रिस्टीनची मात्रा विन्ब्लास्टीनच्या मानाने बरीच कमी असते. म्हणून ही अदलाबदल जीवघेणी ठरू शकते. दुसरी जोडी क्लोरप्रोपामाइड आणि क्लोरप्रोमाझिन यांची. पहिले मधुमेहावरील, दुसरे मनोविकारावरील. येथे नावांत साम्य आहे, पण उपयोगात नाते मुळीच नाही. दुसऱ्याच्या ऐवजी पहिले दिले गेल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

व्यापारी नावांची कथा याहून वेगळी नाही. अमेरिकेत आम्लपित्तावरील ओमेप्राझोल हे औषध प्रथम ‘लोसेक’ या नावाने विक्रीस आले. मूत्रल औषध ‘लॅसिक्स’ याच्याशी त्याचा घोटाळा होऊ लागला. दोहोंत ल-स-क हा व्यंजनांचा सांगाडा सारखा, आणि दोहोंची २० मिलिग्रॅमची मात्रा प्रचलित. परिणामी १९९० साली ‘लोसेक’चे ‘प्रिलोसेक’ करण्यात आले. २०१६ साली ‘ब्रिन्टेलिक्स’ या अवसादावरील औषधाचे नाव, रक्ताच्या गुठळ्यांना प्रतिबंध करणाऱ्या ‘ब्रिलिन्टा’शी गल्लत होते म्हणून, ‘ट्रिन्टेलिक्स’ असे बदलले गेले. नावाच्या आरंभीचे एक व्यंजन बदलणे, हा येथे सुरक्षिततेचा उपाय ठरला.

आपल्या देशात या प्रश्नाचा मूलगामी विचार सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या एका निकालात आढळतो. ‘कॅडिला’ या एकाच मूळ उद्योगसमूहातून विभक्त झालेल्या दोन कंपन्यांची ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही हिवतापावरील औषधे होती. दोन्ही नावांतील ‘फाल्सि’ हा अंश ‘फाल्सिपॅरम’ या रोगजंतूच्या नावावरून घेतलेला. औषधद्रव्ये मात्र भिन्न. ही औषधे रुग्णालयांना व दवाखान्यांना विकली जातात, तेव्हा संभ्रमाचा संभव नाही, असे खालच्या न्यायालयांचे मत पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. वैद्य आणि औषधविक्रेतेही चुकू शकतात. शिवाय या देशात भाषा अनेक असून निरक्षरांची संख्या मोठी आहे. म्हणून औषधांच्या नावांना इतर मालापेक्षा कठोर कसोटी लावली पाहिजे, असे तत्त्व त्याने घालून दिले. भाषिक बहुविधता हा सुरक्षिततेच्या विचारातील एक घटक आहे, ही या निकालातील मान्यता आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

पुढे २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने जेनेरिक नावे सुवाच्य व शक्यतो रोमन मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम केला. आपले व्यापारी नाव संभ्रम निर्माण करणारे नाही, अशी हमी उत्पादकाने द्यावी, असा नियम २०१९ साली झाला. हे उपाय स्तुत्य आहेत. परंतु त्यांत नाव कोणत्या भाषिकाच्या कानावर पडते, याचा विचार नाही. मराठीच्या उच्चारात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद अर्थभेदक राहिलेला नाही. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे उच्चार आपण पुष्कळदा एकाच ‘व’मध्ये मिळवतो. रोमन लिपीत भिन्न दिसणारी नावे मराठी तोंडी एकरूप होण्याचा संभव यातून उत्पन्न होतो.

लिपीचाही प्रश्न आहे. समान नावांतील भिन्न अंश तेवढा मोठ्या अक्षरांत छापण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्यामुळे ती पद्धत आपल्याला जशीच्या तशी घेता येणार नाही. ठळक ठसा किंवा रंग यांचा आश्रय करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना जेनेरिक नावांची रूपे लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी व चिनी या भाषांत देते. मराठी लिप्यंतर ज्याचे त्याने करावयाचे असते.

अमेरिकेत प्रस्तावित नावाची जुन्या नावांशी ध्वनी आणि लेखन या दोन्ही अंगांनी संगणकाच्या साहाय्याने तुलना केली जाते. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आधारलेली अशी कसोटी तयार करणे, आणि नेहमीच्या औषधांच्या नावांचे एकरूप देवनागरी लेखन निश्चित करणे, ही दोन कामे भाषाशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहेत. स्वनिमांचे लघुतम भेद शोधण्याचा अभ्यास आपण वर्गात नित्य करतो. औषधाच्या दुकानात त्याच भेदावर एखाद्याचे प्राण अवलंबून असतात, हे ध्यानी घेऊन पदव्युत्तर संशोधनाचे विषय निवडले जावेत.