टॅबमधला प्रिन्स

डॉसवरचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतोय? साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, आणि आपण पहिल्या-दुसऱ्या लेव्हललाच सुळ्यांवर! तोच गेम आता ब्राउझरमध्ये चालतो. 'इंटरनेट अर्काइव्ह'ने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून जास्त गेम्स असे खुले केले.

पण चालतो कसा? ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम थेट चालतच नाही. (टर्बो सी साठी डॉसबॉक्स टाकतात, ते याचमुळे.) डॉसबॉक्स म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला खोटा पीसी. प्रोसेसर, व्हीजीए, साउंड ब्लास्टर, सगळं नाटक! बिचाऱ्या गेमला वाटतं, आपण १९९० सालीच आहोत. सी प्लस प्लसमधला हा डॉसबॉक्स 'एमस्क्रिप्टेन' कंपायलरमधून काढून जावास्क्रिप्ट केला, की अख्खा पीसी एका टॅबमध्ये मावतो.

गेमची फाइल मात्र कुणीतरी जपलेली हवी. 'प्रिन्स'चा कर्ता जॉर्डन मेकनर याला ॲपल टू वरचा स्वतःचाच मूळ सोर्स कोड कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ मध्ये वडिलांच्या कपाटातून फ्लॉपी निघाल्या, आणि नशीब, जाणकारांच्या मदतीने त्या वाचताही आल्या. तुमच्या घरी माळ्यावर फ्लॉपी असतील, तर दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत खाली काढा.