सरळ रेषेचा प्रांत कोठवर?

घरात कोणाला ताप आला, की आपण 'शंभर आहे', 'एकशे दोन आहे' असे फॅरनहाइटमध्ये बोलतो. हवामानाच्या बातमीतला पारा मात्र सेल्सियसमध्ये चढतो-उतरतो. या दोन मापांना जोडणारे सूत्र शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते : सेल्सियस अंशांना १.८ ने गुणावे आणि त्यात ३२ मिळवावेत. गणिताच्या भाषेत हे एक रेषीय फलन होय. त्याचा आलेख सरळ रेषेत येतो.

या फलनाचा प्रांत, म्हणजे डोमेन, कोणता? फलनातील चलाला ज्या ज्या किमती देता येतात, त्या सर्वांचा संच म्हणजे प्रांत. तो शोधणे म्हणजे खरे तर अडथळे शोधणे. एखाद्या किमतीला छेद शून्य होतो काय? वर्गमुळाखाली ऋण संख्या येते काय? येथे छेदात चल नाही, वर्गमूळही नाही. केवळ गुणाकार आणि बेरीज आहे, आणि त्या कोणत्याही संख्येवर करता येतात. तेव्हा प्रांत सर्व वास्तव संख्यांचा. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

आता चलाच्या जागी उणे ३०० घालून पाहा. सूत्र मुकाट्याने उणे ५०८ अंश फॅरनहाइट असे उत्तर देते. आकडेमोड बिनचूक आहे. पण उणे २७३.१५ अंश सेल्सियसच्या खाली तापमान जाऊच शकत नाही. सूत्राला त्याची गंधवार्ता नसते. ही सीमा पदार्थविज्ञानातून आणावी लागते, आणि मग प्रांत उणे २७३.१५ पासून पुढेच सुरू होतो.

ताप मोजण्याच्या पाऱ्याच्या थर्मामीटरचा पल्ला तर फारच आखूड, साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सियस. येथे प्रश्न गुणांपुरता राहत नाही. नवजात बाळाचे तापमान ३२ अंशांखाली गेल्यास ती गंभीर अवस्था मानली जाते. पण ३१ अंशांपर्यंत गारठलेल्या बाळालाही हा थर्मामीटर लावला, तर पारा तळाशीच राहतो, आणि पाहणाऱ्याची समजूत होते, की तापमान ३५ च्या आसपास, जरासेच कमी आहे. म्हणून अशा बाळांसाठी बऱ्याच खालच्या अंशांपासून मोजणारा वेगळा थर्मामीटर वापरावा लागतो.